रुपयाला हजाराची डबी

आमच्या निगडीच्या सोसायटीत कुणाकडे पाहुणे आले की माझी ओळख एका वाक्यात उरकतात. "ह्या काकू रुपयाचं नाणं हजार रुपये देऊन तपासून घेतात." पाहुणे हसतात. मीही हसते आणि मनात म्हणते, हसा लेको. तुमच्या लेकाच्या लग्नाचा अल्बम कितीला पडला आणि तो शेवटचा कधी उघडला, हे मी कधी विचारते का?

न समजता हसणारे फार असतात, म्हणून आधी हा धंदा काय आहे ते सांगते. समजा तुमच्याकडे एक नाणं आहे. ते तुम्ही एका कंपनीकडे पाठवता. नाणी तपासणं एवढंच त्या कंपनीचं काम. नाणं कुणाचं हे तिथल्या तपासणाऱ्यांना सांगत नाहीत. ते दिव्याखाली, भिंगातून बघतात. आधी खरं की खोटं ते ठरवतात, मग किती झिजलंय ते ठरवतात आणि एक ते सत्तर यांतला एक आकडा देतात. सत्तर म्हणजे आत्ता टांकसाळीतून पडलेलं, कुणाचा हात न लागलेलं. मग नाणं एका पारदर्शक, टणक प्लॅस्टिकच्या डबीत कायमचं बंद होतं. वर चिठ्ठी असते, तिच्यावर नाण्याचं वर्णन आणि आकडा. डबी फोडल्याशिवाय नाणं बाहेर निघत नाही.

फी नगावर असते. मोहर असो की चिल्लर, कुरियर, विमा आणि सगळं धरून रक्कम हजाराच्या आसपास जाते. टक्कल असलं म्हणून न्हावी अर्धे पैसे घेत नाही, तसंच हे.

मग रुपयाच्या नाण्याला हजार घालतं कोण? खूप लोक घालतात. माझ्याकडे जी गिऱ्हाइकं आली त्यांतली बहुतेक चिल्लरवालीच होती. मोहरवाले गाडीतून उतरून थेट मुंबईला जातात. निगडीच्या बसस्टँडजवळच्या आमच्या दुकानात येणारे शिफ्ट सुटल्यावर येत, डबा पिशवीत आणि नाणं शर्टाच्या खिशात, रुमालात गुंडाळून.

दुकान राजाभाऊंचं. जुनी नाणी, नोटा, पोस्टाची तिकिटं विकायचे. नाणी तपासायला पाठवायचं काम त्यांनी नव्याने सुरू केलं तेव्हा काउंटरवर मला बसवलं. कारण सोपं होतं. मी भोसरीच्या एका गिअरच्या कंपनीत बावीस वर्षं इन्स्पेक्शनला होते. कंपनीने हातात स्वेच्छानिवृत्तीचं पाकीट दिलं, स्वेच्छा त्यांची आणि निवृत्ती माझी. राजाभाऊ म्हणाले, "ताई, तुमची नजर तयार आहे. नाणं काय आणि गिअर काय, ओरखडा तो ओरखडाच."

माझं काम असं. नाणं बघायचं, परत काय येईल ते गिऱ्हाइकाला खरं सांगायचं, बाजारात किंमत किती आणि फी किती तेही सांगायचं. एवढं ऐकूनही तो "पाठवा" म्हणाला तर फॉर्म भरायचा. नव्वद टक्के वेळा मी म्हणायची, "हे पाठवून पैशांच्या हिशेबाने तुमचा तोटा आहे." राजाभाऊ कपाळाला हात लावायचे. पण गिऱ्हाईक कमी झालं नाही. खरं सांगणाऱ्या माणसाकडे लोक जरा जास्तच येतात.

या धंद्याचा पहिला नियम म्हणजे नाणं स्वच्छ करायचं नाही. मळ चालतो, काळपटपणा चालतो. घासलेलं मात्र चालत नाही. घासलं की पृष्ठभागावर केसासारखे बारीक ओरखडे उठतात, आणि मग नाणं कितीही खरं असो, चिठ्ठीवर आकडा पडत नाही. आकड्याच्या जागी 'घासलेलं' असा शेरा येतो. आणि आपली माणसं तर सगळं घासतात! एकदा भोसरीचा एक कामगार दहा नाणी घेऊन आला. जेवणाच्या सुट्टीत त्याने ती कंपनीतल्या बफिंगच्या चाकावर धरली होती. "मॅडम, आरसाच केलाय, तोंड बघा," म्हणाला. मला खरंच रडू आलं. त्या संध्याकाळी मी मोठ्या अक्षरांत पाटी लिहिली: 'नाणं घासू नका. धुऊ नका. पुसू नका.' ती काउंटरच्या मागे टांगली. या पाटीवर पुढे यायचंच आहे.

मोशीचे तात्या आले तेव्हाही ती पाटी होती. जुन्या गावकीतले, जमिनीत आता इमारती उभ्या राहिलेले, गळ्यात चेन. त्यांनी पितळी डब्यातून वीस पैशांची पिवळी नाणी काउंटरवर ओतली, कमळाची. त्यात सोनं आहे म्हणून एके काळी घरोघरी जपलेली. सोनं नाही हे मी सांगितलं. तात्यांना ठाऊक होतं.

"आईनं लक्षुमीपूजनाला दरसाल चिंच-मीठ लावून घासलीत. चकाकत्यात का न्हाई?"

"चकाकतात. म्हणूनच आकडा मिळणार नाही," मी म्हटलं. "घासलेलं असा शेरा येईल."

"आवो, देवापुढं ठिवायचं नाणं घाण ठिवायचं व्हय?" तात्या उखडले. मी म्हटलं, तात्या, चूक तुमची नाही, नियमाची आहे, पण नियम आहे. त्यांनी तरी एक नाणं पाठवायला लावलंच. महिन्याने डबी आली, शेऱ्यासकट. मी वाचून दाखवला. तात्यांनी डबी डोळ्यांजवळ नेली.

"मंजी आमच्या आईनं घासल्यालं हाय, आसं कंपनीनं लिवून दिलं?"

"हो."

"झालं की मग! आमाला हेच पायजे हुतं." आणि डबी खिशात घालून गेले. राजाभाऊ हसले. मी नाही हसले. त्या दिवसापासून कुणी फी आणि किंमत यांचं गणित मांडलं की मी तात्यांचं नाव घेते.

आता ज्याच्यासाठी हे लिहायला बसले ते सांगते.

एका गुरुवारी, म्हणजे इकडच्या कंपन्यांच्या सुट्टीच्या दिवशी, बालाजी आला. मूळचा लातूरकडचा, चाकणला प्रेस चालवणारा, कॉन्ट्रॅक्टवरचा. प्रेस म्हणजे डायमध्ये, म्हणजे साच्यात, ठेवलेल्या पत्र्यावर ठोका मारून त्याचा पार्ट काढणारं यंत्र. वय पस्तिशीचं असेल. त्याने रुमाल उलगडून स्टीलचा एक रुपया माझ्या हातात दिला. नवाकोरा, कँटीनच्या सुट्ट्या पैशांत आलेला. पण त्यावरचा छाप एका बाजूला सरकलेला होता. एका कडेला चंद्रकोरीएवढी जागा कोरी राहिलेली.

"चकती डायमधे नीट बसली नाही मॅडम, तवर ठोका पडला," तो म्हणाला. "मी प्रेसवरचाच हाय, मला बघितल्या बघितल्या कळलं."

मी नेहमीचं सांगितलं. सरकण थोडी आहे, हौशी माणूस शे-दोनशे देईल, फी त्याच्या कितीतरी पट.

"मला इकायचं नाही. मला लिहून पाहिजे, की ही चूक यंत्राची हाय. आन् आकडा पण चांगला पाहिजे. आकडा चांगला आला म्हणजे कुणाचा हात लागला नाही, बरोबर का?"

मी विचारलं, कुणाला दाखवायचंय? मग तो बोलायला लागला. आधीच्या कंपनीत त्याच्या प्रेसवर तीनशे नग वाकडे निघाले होते. भोकं सगळी सरकलेली. डायमधली पिन झिजली होती, पत्रा जागेवर बसत नव्हता. दोन दिवस तो सांगत होता, कुणी ऐकलं नाही. रिजेक्शनच्या कागदावर कारण लिहिलं गेलं, 'ऑपरेटर'. दुसऱ्या दिवशी गेटवर त्याचा पास काढून घेतला.

"आन् त्या कागदावर सही कुणाची? माझ्या मेव्हण्याची. बायकोचा सख्खा भाऊ. तोच तिथं इन्स्पेक्शनला. त्यानंच मला कामाला लावलं होतं. आता शेजारच्या खोलीत राहतो आन् सगळ्या गावाकडच्या लोकांत सांगत फिरतो, दाजीच्या हातामुळं माझी मान खाली गेली म्हणून. दोन वर्षं झाली, मी कामच करायलोय नीट, पण हे काई जाईना."

आता माझं ऐका. आमच्या कंपनीतही तोच कागद होता. त्यात कारणाचा रकाना असे, आणि त्यात तीनपैकी एक लिहायचं असे: मटेरियल, मशीन, ऑपरेटर. मटेरियल लिहिलं की खरेदी खात्याचे साहेब खाली यायचे. मशीन लिहिलं की मेंटेनन्सवाले यायचे आणि दोन तास हुज्जत घालायचे. ऑपरेटर लिहिलं की कुणीच यायचं नाही. कागद पुढे जायचा, मी घरी वेळेवर पोचायची. बावीस वर्षांत मी तो शब्द किती वेळा लिहिला हे मला आठवत नाही, आणि आठवत नाही याचीच मला लाज वाटते.

बालाजी बोलत होता आणि मी दुकानात नव्हतेच. मी भोसरीच्या त्या टेबलाशी होते. हातात एक पार्ट होता आणि त्यावर तेलकट बोटाचा डाग होता. आमच्यात पार्ट हातात आला की आधी पुसायचा आणि मग मोजायचा. बावीस वर्षं दिवसाला शेकडो वेळा मी ते केलं आहे. काउंटरखाली फडकं होतं, हाताला लागलं ते घेतलं. दोनदा गोल फिरवलं, कडेने एकदा अंगठा दाबून ओढलं, आणि उजेडाकडे धरलं.

उजेडाकडे धरलं तेव्हा समोर माझीच पाटी दिसली.

फडकं दुकानातल्या समईचं होतं. पितळ घासायची पावडर त्यात मुरलेली. मी भिंग लावलं. नाण्यावर ओरखडे होते, बारीक, गोल, माझ्या हाताच्या वळणाचे. बालाजीला काही दिसलं नव्हतं, तो मेव्हण्याबद्दलच बोलत होता. तेव्हाच सांगायला हवं होतं. मी सांगितलं नाही. म्हटलं, फार बारीक आहेत, कदाचित सुटतील त्यांच्या नजरेतून. त्यांच्या जागी मी असते तर सुटले नसते, हे माहीत असूनही मी असं म्हटलं. फॉर्म भरला, त्याने पैसे दिले, पावती घेतली. जाताना पाटी वाचून म्हणाला, "बघा मॅडम, मी हात पण लावला नाही, रुमालातच ठेवलं."

डबी यायला तीन आठवडे लागले. ते तीन आठवडे मला जेवण गोड लागलं नाही. आमचे हे म्हणाले, "रुपयाच्या नाण्यापायी एवढं?" मी त्यांना ताटावरून उठवलं नाही एवढंच.

चिठ्ठीवर दोन गोष्टी होत्या. पहिली बालाजीला हवी ती: छाप सरकलेला, टांकसाळीतली चूक. दुसरी आकड्याच्या जागी: घासलेलं.

राजाभाऊंनी डबी फिरवून बघितली. "त्यानेच घासलं असणार. सगळेच घासतात. तसं सांगून टाका."

"मी घासलं," मी म्हटलं, आणि कसं ते सांगितलं.

राजाभाऊ वाईट माणूस नव्हे. ते आवाज खाली आणून म्हणाले, "ताई, हे दुकानाबाहेर गेलं तर आपल्याकडे कोण नाणं हातात देईल? त्याला काय कळणार आहे? प्रेसवरचा माणूस, हात तेलकट. त्याच्यावर ढकललं तर कुणी विचारायला येणार नाही."

कुणी विचारायला येणार नाही. बावीस वर्षं मी याच वाक्यावर पगार घेतला होता. त्या क्षणी मला राजाभाऊंचा नाही, माझा स्वतःचा भयंकर राग आला.

गुरुवारी बालाजी आला. मी डबी त्याच्यापुढे ठेवली आणि दोन्ही ओळींचा अर्थ सांगितला. पहिली ऐकून तो खुलला. दुसरी ऐकून त्याचा चेहरा उतरला.

"मॅडम, मी नाही घासलं हो. देवाशपथ."

"माहीत आहे. मी घासलं. तुम्ही बोलत होतात तेव्हा, समईच्या फडक्याने. तेव्हाच माझ्या लक्षात आलं होतं आणि मी गप्प बसले."

त्याने डबी उचलून हातात धरली. ओरडला असता तर बरं झालं असतं. मग हळूच म्हणाला, "आता मी हे कसं दाखवू? तो म्हणणार, बघ, इथं पण तूच हात घातला."

मी फी परत देते म्हटलं. त्याने मान हलवली. दुसरं नाणं शोधून देते म्हटलं. त्यालाही नाही म्हणाला. "मला ते नको. तुम्ही आत्ता बोललात ना, ते लिहून द्या. सही करून."

राजाभाऊ खुर्चीवरून उठले. "ताई, दुकानाच्या कागदावर नको."

मी वहीतलं कोरं पान फाडलं. पट्टीने रकाने आखले, आमच्या कंपनीत असत तसेच. नग: एक. दोष: पुसल्याचे ओरखडे. मग कारणाच्या रकान्याशी पेन थांबलं. मटेरियल नाही, मशीन नाही, ऑपरेटर तर नाहीच. आमच्या कागदात चौथं कारण कधी नव्हतंच. मी लिहिलं: इन्स्पेक्टर. खाली पूर्ण नाव लिहिलं, सही केली. 

बालाजीने कागद वाचला, चार घड्या घालून डबीसोबत रुमालात ठेवला आणि गेला.

महिनाअखेरीला राजाभाऊ म्हणाले, "ताई, आता जरा आराम करा." ही माझी दुसरी निवृत्ती, आणि हिच्यात स्वेच्छा थोडी माझीही होती. पाटी मी काढून घरी आणली. आता घरच्याच जेवणाच्या टेबलाशी बसून नाणी बघते. लोकांना पत्ता सापडतो. पहिल्या भेटीतच मी प्रत्येकाला समईच्या फडक्याची गोष्ट सांगते. ती ऐकून जो उठून जातो तो जाऊ दे. अजून दोघंच गेले आहेत.

दोन-तीन गुरुवार गेले आणि दारात बालाजी उभा. मागे एक किडकिडीत माणूस, शर्टाच्या खिशाला दोन पेनं. न सांगता ओळखलं, इन्स्पेक्शनची माणसं अशीच असतात. मेव्हणा.

तो बसला. चहा घेतला. डबीचा विषयही काढला नाही. खिशातून माझा कागद काढून त्याने टेबलावर ठेवला. "हे तुम्हीच लिवलं?"

"हो."

"तुम्ही इन्स्पेक्शनला होता म्हणं."

"बावीस वर्षं."

"हे लिवल्यावर काम गेलं?"

"गेलं."

मग त्याने कप बशीत नीट ठेवला, "येतो" म्हणाला आणि जिना उतरून गेला. बालाजी माझ्याकडे बघून खांदे उडवून त्याच्या मागे धावला. मला वाटलं, झालं, एवढंच.

पुढच्या गुरुवारी बालाजी एकटाच आला. आज पुन्हा रुमाल. आत नाणं नव्हतं, वहीचं पान होतं. पट्टीने आखलेले रकाने. नग: तीनशे. दोष: भोक सरकलेलं. कारणाच्या रकान्यात आधी काहीतरी लिहून खोडलेलं, आणि त्यावर ठसठशीत: मशीन. पिन झिजलेली होती, ऑपरेटरने दोनदा सांगितलं होतं. खाली सही.

"काल घरी सगळ्यांसमोर वाचून दाखवलं त्यानं," बालाजी म्हणाला. "बायको रडायलीय सकाळपासून." त्याचेही डोळे भरले होते. माझेही. 

या कागदाला आता कुठल्याच कंपनीत अर्थ नाही. गेलेली नोकरी त्याने परत येत नाही. बाजारात त्याला शून्य रुपये.

"मॅडम," बालाजीने विचारलं, "कागदाला डबी मिळती का?"

माझ्याकडे जुन्या नोटा ठेवायची जाड, पारदर्शक पाकिटं होती. त्यांतलं मोठं घेतलं, कागद आत सरकवला, तोंड चिकटवून बंद केलं. हात कडेलाच लावला, बाकी कुठे नाही.

"आन् आकडा?"

मी भिंग लावलं. पान चार ठिकाणी दुमडलेलं होतं. एका कोपऱ्यावर चहाचा डाग, मधे खोडाखोड, खालच्या सहीवर कुणाचा तरी ओला अंगठा लागून शाई पसरलेली. नियमाने बघायला गेलं तर याला आकडाच पडत नाही.

मी चिठ्ठी घेतली, त्यावर सत्तर लिहिलं, आणि खाली सही केली.